संगीतात पीएचडी झाली. पुढच्या पैशाच्या तारखा कोण सांगणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

निकालांचा हंगाम आला की करिअर पुरवण्यांत परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती भरभरून येते. ती बहुतेक एमएस नाहीतर एमबीएला जाणाऱ्यांसाठी असते. संगीत, नाट्य, इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांत पीएचडी झालेल्याला पुढची दोन-तीन वर्षे पूर्ण वेळ संशोधन (यालाच पोस्ट-डॉक म्हणतात) करण्यासाठी पैसे मिळू शकतात, हे त्या पानांवर क्वचितच वाचायला मिळते. ‘संगीतात कसले आले आहे पोस्ट-डॉक?’ असे तर संगीत विभागांतही विचारले जाते. पोस्ट-डॉक आहे आणि पैसाही आहे. पण त्या पैशाला मुदत असते आणि ती पीएचडीच्या तारखेपासून मोजतात. आपल्याकडचे अर्ज गुणवत्तेपर्यंत पोचण्याआधीच तारखेवर, यजमान संस्थेवर (जिथे संशोधन करायचे ती संस्था) किंवा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर अडतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

पोस्ट-डॉक दोन जातींचे असते. एकात प्रकल्प दुसऱ्याचा असतो आणि आपण त्यात नोकरीला लागतो. युरोपीय संशोधन परिषदेचे मोठे अनुदान एखाद्या प्राध्यापकाला मिळते, त्यातून तो पाच वर्षांसाठी माणसे घेतो. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात (२०११-१७) हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे संगणकीय विश्लेषण झाले ते असेच. लंडनच्या किंग्ज कॉलेजात वसाहतकाळाच्या उंबरठ्यावरच्या भारतीय आणि मलय संगीताचा इतिहास शोधणारा प्रकल्पही (२०११-१५) याच पैशावर चालला. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठाचे ‘रिट्मो’ केंद्र लय, काल आणि हालचाल यांवर काम करते आणि पोस्ट-डॉकच्या जागा जाहिरात देऊन भरते. अशा जागा ‘युरॅक्सेस’ आणि ‘जॉब्स डॉट एसी डॉट यूके’ या संकेतस्थळांवर लागतात. ब्रिटनमधल्या जाहिरातीसोबत ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ अशा अटींची यादी असते आणि छाननी करणारे त्या यादीवरच गुण टाकतात. म्हणून अर्जाचे पत्र त्याच क्रमाने, अट धरून पुराव्यासह लिहावे. ‘मला संगीताची लहानपणापासून आवड आहे’ याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

दुसऱ्या जातीत प्रस्ताव आपला, प्रश्न आपला, यजमान आपण शोधलेला. आपल्याकडच्या संगीताच्या पीएचडीधारकाला, माझ्या मते, हीच वाट जास्त जवळची. प्रकल्पाच्या जाहिरातीत नेमका आपलाच विषय निघेल याची वाट बघत बसणे म्हणजे मुदतीची वर्षे फुकट घालवणे. संगणकाची भाषा, फारसी किंवा मोडी येणाऱ्यांनी मात्र पहिल्या वाटेवरही नजर ठेवावी.

या दुसऱ्या वाटेवरची सर्वांत मोठी योजना युरोपीय संघाची, मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. ती सर्व विषयांना आणि कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. युरोपात एक ते दोन वर्षे. अलीकडच्या फेऱ्यांत अट अशी की पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून जास्त नको; संशोधनाबाहेर गेलेला काळ, उदाहरणार्थ बाळंतपण किंवा दुसरीच नोकरी, त्यातून वजा होतो. दुसरी अट जास्त फसवी आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य किंवा काम झालेले नसावे. जर्मनीत चौदा महिने एका शिष्यवृत्तीवर राहून तिथल्याच प्राध्यापकाबरोबर अर्ज केला की तो न वाचताच बाद होतो. तोच अर्ज ऑस्ट्रियातून किंवा नेदरलँड्समधून चालला असता. इथे पासपोर्ट बघत नाहीत, वास्तव्य बघतात. पासपोर्टाचा प्रश्न येतो तो याच योजनेच्या ‘ग्लोबल’ शाखेत, जिच्यात युरोपबाहेर जाऊन एक वर्ष युरोपात परतावे लागते. ती मुख्यतः युरोपीय नागरिकांसाठी असल्याने पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकर संशोधकांना ती उघडी आहे. मांडो या गोव्याच्या गीतप्रकारावर काम करणाऱ्याला लिस्बनमधली नृवंशसंगीतशास्त्राची संस्था आणि तिथली दप्तरे जवळची, ही त्यात भर.

अर्जाचा मुख्य भाग दहा पानांचा. अकरावे पान परीक्षकाला दिसतच नाही, यंत्रणा ते झाकते. गुणांची वाटणी उत्कृष्टता ५०, परिणाम ३०, अंमलबजावणी २० टक्के. ठरावीक टक्क्यांखाली गुण पडले तर त्याच यजमान संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. म्हणून ‘टाकून बघू’ म्हणून अर्धवट अर्ज टाकणे महाग पडते. पंच्याऐंशीच्या वर गुण मिळूनही पैसे संपल्याने नाव राहिले तर ‘सील ऑफ एक्सलन्स’ मिळते आणि काही देश व विद्यापीठे त्यावर स्वतःचे पैसे देतात. ही चौकशी बहुतेक जण करतच नाहीत. स्पर्धा किती वाढली तेही सांगायला हवे. २०२४ च्या फेरीत १०,३६० अर्ज होते, २०२५ मध्ये १७,०५८. अमेरिकेतले आणि इतर ठिकाणचे संशोधन-निधी आटले की गर्दी इकडे वळते.

जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची तऱ्हा वेगळी. तिथे शेवटची तारीखच नाही. अर्ज वर्षभर कधीही करता येतो, निवड समिती वर्षातून तीनदा बसते. पण पोस्ट-डॉक गटासाठी पीएचडी पूर्ण होऊन चार वर्षांहून जास्त झालेली नकोत, आणि जर्मन यजमानाचे सविस्तर मत जोडावे लागते. मुदत सहा ते चोवीस महिने. ‘तारीख नाही’ म्हणून लोक निवांत राहतात आणि चार वर्षे सरतात. अनुभवी संशोधकांचा गट वेगळा असतो, पण तिथे प्रकाशनांची अपेक्षाही वाढते.

ब्रिटनमध्ये परदेशातून येणाऱ्या मानव्यविद्यांच्या संशोधकांसाठी ब्रिटिश अकादमीची इंटरनॅशनल फेलोशिप आहे; ‘न्यूटन’ हे तिचे जुने नाव. लेव्हरह्यूम ट्रस्टची अर्ली करिअर फेलोशिप नाव ऐकून पुष्कळांना हवीशी वाटते, पण त्यासाठी ब्रिटिश विद्यापीठाची पदवी किंवा अर्जाच्या वेळी तिथले अध्यापकीय पद लागते आणि पगाराचा अर्धा वाटा यजमान विद्यापीठाला उचलावा लागतो. पुण्याहून थेट अर्ज करण्यात अर्थ नाही. जपानच्या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेच्या (जेएसपीएस) फेलोशिपमध्ये पीएचडीनंतर सहा वर्षांपर्यंत अर्ज चालतो, पण तो जपानमधला यजमानच भरतो. अमेरिकेला नेणाऱ्या फुलब्राइट-नेहरू पोस्ट-डॉकला पीएचडी गेल्या चार वर्षांतली हवी. त्यात विषयांची यादी दरवर्षी बघावी आणि जे-१ व्हिसासोबत येणारी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आधीच समजून घ्यावी.

आता देशातले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली डॉ. राधाकृष्णन पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप नव्या स्वरूपात जाहीर केली. जागा ९००, त्यात ३० टक्के महिलांसाठी. दरमहा ५०,००० रुपये आणि वर्षाला ५०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी. विज्ञान-अभियांत्रिकीबरोबर भाषांसह मानव्यविद्या त्यात आहेत. सांस्कृतिक मंत्रालयाच्या टागोर राष्ट्रीय फेलोशिपमध्ये दरमहा ८०,००० रुपये, तिच्या जोडीच्या टागोर संशोधन शिष्यवृत्तीत ५०,००० रुपये, दोन वर्षांपर्यंत. त्यात राष्ट्रीय अभिलेखागार, संगीत नाटक अकादमी अशा सहभागी संस्थेतल्या संग्रहावरच काम करावे लागते. त्यामुळे आधी संस्थेत काय आहे ते बघा, मग विषय ठरवा. उलटे केले की प्रस्ताव लटकतो. सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत तत्त्वज्ञान, साहित्य, कला-सौंदर्यशास्त्र या विषयांना जागा असते. तिथे प्रत्यक्ष राहावे लागते आणि शेवटी पुस्तकाची संहिता द्यावी लागते. मुलाबाळांची शाळा आणि सिमल्याची थंडी यांचा विचार अर्ज करण्याआधी व्हावा, निवड झाल्यावर नव्हे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएसएसआर) पोस्ट-डॉक सामाजिक शास्त्रांसाठी आहे. रागविचारावरचा प्रस्ताव तिथे बसणार नाही, पण तमाशा फडांचे अर्थकारण किंवा वारीतल्या दिंड्यांची रचना बसू शकते.

इथे एक खुलासा गरजेचा. विशारद, अलंकार या परीक्षा गायकाच्या तयारीसाठी मोलाच्या आहेत, पण पोस्ट-डॉकसाठी त्यांना पीएचडीची जागा मिळत नाही. ज्यांच्याकडे पीएचडी नाही त्यांनी सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्युनियर आणि सीनियर फेलोशिपकडे वळावे: २५ ते ४० वयासाठी दरमहा १०,०००, चाळिशीपुढे २०,००० रुपये, दोन वर्षे. रक्कम थोडी, पण कलाकार-संशोधकाला दार उघडे.

सगळ्यात जास्त पडझड प्रस्तावात होते, म्हणून तिथे थोडे थांबतो. आपल्याकडे प्रबंधाचे शीर्षक असते ‘महाराष्ट्रातील नाट्यसंगीताचा चिकित्सक अभ्यास’. हेच शीर्षक प्रस्तावाला दिले की परीक्षक पहिल्याच ओळीत विचारतो, प्रश्न कोणता? तोच विषय असा मांडता येईल. रंगभूमीवर वन्स मोअर घेत वीस-वीस मिनिटे रंगणारे पद तबकडीच्या एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवताना गायकांनी काय ठेवले आणि काय टाकले? आलाप गेला की अंतऱ्याची पुनरावृत्ती गेली? ताना कुठे सरकल्या? साधने: १९०२ मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतरच्या तबकड्या, नाटकांच्या छापील प्रतींत पदावर दिलेली ‘चाल’, आणि कंपन्यांच्या सूचिपुस्तिका. पद्धत: निवडक तबकड्यांचे स्वरलेखन, छापील पदाशी तुलना, मग संगणकावर स्वरांचे आलेख.

आता यात धोका कोणता, हे प्रस्तावातच लिहावे लागते आणि तिथेच जाणकार ओळखू येतो. जुन्या तबकड्या ‘७८ च्या’ म्हणतात, पण ध्वनिमुद्रण नेमके त्याच वेगाने झाले होते असे नाही. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित तबकडी ७८ ने वाजवली तर स्वर जवळपास अर्ध्या सुराने चढतो आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे ‘अमुक गायक काळी चारला गात’ हे पट्टीबद्दलचे विधान त्या तबकडीवरून करता येत नाही. उपायही लिहावा: षड्ज निरपेक्ष न धरता स्वरांमधली अंतरे मोजायची, लयीची तुलना एकाच तबकडीच्या आत करायची. एवढ्या चार ओळी ‘अंमलबजावणी’च्या गुणांसाठी पानभर कोष्टकांपेक्षा जास्त कामाच्या. हक्कांचेही तसेच. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, युरोपीय संघात साधारणपणे ७०. कोणत्या तबकड्या संकेतस्थळावर खुल्या ठेवता येतील हे सालावरून आधीच सांगता येते.

लोकसंगीतावरच्या प्रस्तावांत वेगळी चूक दिसते: ‘जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करीन.’ गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झालेले आहे आणि त्यातला मोठा भाग ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला, वाचायला मिळतो. परदेशी परीक्षकाला हे ठाऊक असते. नवा प्रस्ताव या साठ्यावर उभा राहायला हवा: एकच ओवी वेगवेगळ्या गावांत कोणत्या चालीत जाते, श्वास कुठे घेतला जातो, जाते ओढण्याची लय आणि ओवीची लय कुठे जुळते. प्रत्यक्ष बायांकडून नवे मुद्रण करायचे असेल तर संमतीचा मराठी मसुदा, आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रित तोंडी संमती, ही नीतिविषयक भागात आधीच द्यावी लागते. तो भाग कोरा सोडला की निवड होऊनही करार अडकतो.

मारी-क्युरीच्या अर्जात ‘यजमान संस्थेला तुमच्याकडून काय मिळेल’ असे विचारतात. आपले उमेदवार तिथे संकोचून दोन ओळी लिहितात. पंधरा वर्षे तालीम घेतलेला, मोडी वाचणारा, तंजावरच्या सरस्वती महालातल्या मराठी हस्तलिखितांची भाषा समजणारा माणूस युरोपातल्या विभागाला सहजासहजी मिळत नाही. तिथे नेमके लिहावे: किती व्याख्याने देणार, कोणती कार्यशाळा घेणार, स्वरलेखनाची कोणती पद्धत शिकवणार. ‘परिणाम’ या भागात मात्र ‘भारतीय संस्कृतीचा जगभर प्रसार होईल’ या वाक्याला शून्य किंमत आहे.

यजमान शोधण्याचे काम शेवटच्या तारखेच्या सहा महिने आधी सुरू करावे. मारी-क्युरीची अंतिम तारीख बहुधा सप्टेंबरमध्ये येते, पण अनेक विद्यापीठे मार्च ते जूनमध्येच आपल्या पातळीवर इच्छुकांची छाननी करतात. ऑगस्टमध्ये गेलेल्या ई-मेलला उत्तर आले नाही तर त्यात प्राध्यापकाचा दोष नाही. तिथे तो सुट्टीचा महिना. ई-मेल अडीचशे शब्दांच्या आत, सोबत एक पान प्रस्ताव आणि दोन पानी परिचय. त्यांच्या कोणत्या लेखातला कोणता मुद्दा आपण पुढे नेणार, हे एका वाक्यात. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. लंडनमधली सोआस व किंग्ज कॉलेज आणि डरहॅम विद्यापीठ इथे भारतीय संगीतावरच्या संशोधनाची परंपरा आहे. फ्रँकफुर्टची मॅक्स प्लांक अनुभवजन्य सौंदर्यशास्त्र संस्था प्रयोगाच्या अंगाने संगीत अभ्यासते. बंदिशींच्या इतिहासाचा प्रस्ताव तिथे पाठवला तर नकार येणारच.

पैशाचा एक गैरसमज. मारी-क्युरीच्या जाहिरातीतला राहणीमान भत्ता हा हातात पडणारा पगार नव्हे. त्यातून मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा, मग आपला वाटा आणि आयकर जातो. शिवाय तो देशागणिक गुणकाने कमी-जास्त होतो. स्थलांतर भत्ता आणि कुटुंब असल्यास त्याचा भत्ता वेगळा. यजमान विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाला ‘हातात किती’ असे सरळ विचारावे, ते आकडा काढून देतात. हुम्बोल्टचे विद्यावेतन असते, नोकरी नव्हे, त्यामुळे तिथला हिशेब निराळा.

शेवटी आपल्या विद्यापीठांकडे तीन मागण्या. व्हायवा (तोंडी परीक्षा) झाल्यावर पीएचडीचे नोटिफिकेशन महिनोन्‌महिने रखडते आणि मूळ प्रमाणपत्र पदवीदान समारंभापर्यंत मिळत नाही. परदेशी संस्था ‘पदवी मिळाल्याची तारीख’ मागते तेव्हा उमेदवाराकडे तीन कागद, तीन तारखा असतात. व्हायवाची तारीख आणि पदवी प्रदान केल्याची अधिकृत तारीख दोन्ही असलेले इंग्रजी पत्र, विभागप्रमुखाच्या सहीने लेटरहेडवर, पंधरा दिवसांत मिळावे. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाला दहा पानी इंग्रजी सारांश सक्तीचा करावा. मराठीत प्रबंध लिहिणे योग्यच आहे, पण परीक्षकाला त्यातले काही कळायला हवे. सोबत एक प्रकरण तज्ज्ञपरीक्षित इंग्रजी नियतकालिकात गेले तर उत्तम. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये, परिचयपत्रात असे नाव दिसले की उरलेल्या लेखांवरचाही विश्वास उडतो. आणि निवृत्त मार्गदर्शकांना विद्यापीठाचा ई-मेल पत्ता चालू ठेवू द्यावा. शिफारसपत्रासाठी काही यंत्रणा संस्थेचाच पत्ता मागतात आणि वैयक्तिक पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल विचारणा करतात. पत्रात ‘प्रामाणिक व कष्टाळू’ एवढेच नको. प्रबंधातले कोणते प्रकरण नवे आहे, कोणते साधन उमेदवाराने पहिल्यांदा वाचले, हे हवे. मार्गदर्शकाला वेळ नसेल तर उमेदवाराने मुद्द्यांचा कागद द्यावा. यात कमीपणा काही नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती. या योजनांच्या तारखा त्या त्या महिन्यात छापून उपयोग होत नाही, तोवर यजमान हातचे गेलेले असतात. मारी-क्युरीची सूचना फेब्रुवारीत आणि फुलब्राइटची मार्चमध्ये द्यावी. हुम्बोल्टची कधीही चालेल, पण पीएचडीपासून चार वर्षांच्या अटीसह. प्रत्येक सूचनेखाली एक ओळ जोडावी की अटी दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची मार्गदर्शक पुस्तिका वाचूनच अर्ज करावा.

आपला,
संगीतशास्त्राचा एक अध्यापक, पुणे